क्रिमिलेयर म्हणजे नेमकं कोण? पुण्यातल्या विद्यार्थी-पालकांचे नेहमीचे प्रश्न

जून उजाडला की पुण्यातल्या सेतू केंद्रांपुढे रांगा लागतात आणि "नॉन-क्रिमिलेयर काढलं का?" हा प्रश्न घराघरात सुरू होतो. नवी पेठेतल्या आणि शास्त्री रोडवरच्या अभ्यासिकांमध्ये तर तो बारा महिने चालू असतो. मी मुलांना प्रवेशाचे आणि स्पर्धा परीक्षांचे अर्ज भरायला मदत करते. तिथे पुन्हा पुन्हा कानावर येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत. या शब्दावर मुलांची वर्षं अवलंबून असतात, त्यामुळे तिथे घाई करावीशी वाटली नाही.

क्रिमिलेयर म्हणजे काय, थोडक्यात सांगाल?

मागासवर्गातली जी कुटुंबं पद, पैसा किंवा मालमत्तेच्या बळावर पुढे गेली आहेत, त्यांचा गट. या कुटुंबातल्या मुलांना त्या प्रवर्गाच्या राखीव जागेवर हक्क सांगता येत नाही. सरकारी कागदावर याला "उन्नत व प्रगत व्यक्ती किंवा गट" म्हणतात. नॉन-क्रिमिलेयरचा दाखला म्हणजे आपण या गटात मोडत नाही याचं प्रमाणपत्र.

हा शब्द आला कुठून?

न्यायालयातून. १९७५ साली केरळ विरुद्ध एन. एम. थॉमस या खटल्याच्या निकालपत्रात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी एक खंत मांडली होती. आरक्षणाचे फायदे बहुतांशी मागास समाजातला वरचा, सायीचा थरच पळवतो आणि त्या समाजातले दुबळे दुबळेच राहतात, असं त्यांचं म्हणणं होतं. पण तेव्हा त्यातून नियम तयार झाला नाही.

नियम झाला तो मंडल आयोगानंतर. आयोगाचा अहवाल १९८० साली आला. ऑगस्ट १९९० मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह सरकारने केंद्राच्या नोकऱ्यांत इतर मागासवर्गांना २७ टक्के आरक्षण जाहीर केलं आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १६ नोव्हेंबर १९९२ रोजी इंद्रा साहनी खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने ते आरक्षण कायम ठेवलं आणि सोबत अट घातली: पुढारलेल्यांना यातून वगळा. त्या पीठावर न्या. पी. बी. सावंत होते. निवृत्तीनंतर ते पुण्यात राहिले आणि इथल्या सार्वजनिक चळवळींमध्ये अखेरपर्यंत दिसत राहिले.

निकालानंतर न्या. राम नंदन प्रसाद समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींवरून ८ सप्टेंबर १९९३ रोजी केंद्राने जो आदेश काढला, तोच आजही या सगळ्याचा पाया आहे.

म्हणजे पैसा आला की माणूस क्रिमिलेयर झाला?

नाही. सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे.

१९९२ च्या निकालात बहुमताचं निकालपत्र लिहिणारे न्या. जीवन रेड्डी यांनी यासाठी एका सुताराचं उदाहरण घेतलं आहे. मागास जातीतला एक सुतार आखाती देशात जातो आणि तिथेही सुतारकामच करतो. रुपयांत मोजलं तर त्याची कमाई आपल्याकडच्या मानाने भरपूर दिसेल. पण तेवढ्यावरून गावातल्या त्याच्या मुलांना मागासवर्गातून काढायचं का? तोच सुतार उद्या कारखान्याचा मालक झाला आणि चार लोकांना कामावर ठेवू लागला, तर मात्र गोष्ट वेगळी, कारण तेव्हा त्याची समाजातली जागाच बदललेली असते.

म्हणजे न्यायालयाला पैशाच्या आडून सामाजिक स्थान बघायचं होतं. आरक्षणाचा आधार सामाजिक मागासलेपण हा आहे आणि पैसा ही त्याची फक्त एक खूण. आजच्या चर्चेत ही खूणच मुख्य होऊन बसली आहे. "क्रिमिलेयर म्हणजे वर्षाला आठ लाखांवर उत्पन्न" एवढंच लोकांच्या डोक्यात उरतं आणि सुतार विसरला जातो.

मग क्रिमिलेयरमध्ये कोण कोण येतं?

१९९३ च्या आदेशानुसार साधारण असं: राष्ट्रपती, सर्वोच्च व उच्च न्यायालयांचे न्यायाधीश, लोकसेवा आयोगांचे अध्यक्ष-सदस्य अशा घटनात्मक पदांवरच्या व्यक्तींची मुलं. आई किंवा वडील थेट भरतीने वर्ग एकचे अधिकारी झाले असतील तर त्यांची मुलं. आई-वडील दोघंही थेट भरतीने वर्ग दोनचे अधिकारी असतील तर त्यांची. सैन्यात कर्नल आणि त्यावरच्या हुद्द्यावर असलेल्यांची. कमाल जमीन धारणेच्या ८५ टक्के किंवा त्याहून जास्त बागायती जमीन असलेल्या कुटुंबांची. आणि शेवटी उत्पन्नाची कसोटी, जी डॉक्टर, वकील, व्यापारी, उद्योजक अशा लोकांना मुख्यतः लागू होते.

इथे "थेट भरती" हे शब्द नीट वाचा. कारकून म्हणून लागलेला माणूस पंचावन्नाव्या वर्षी बढतीने वर्ग एकमध्ये पोचला, तर तेवढ्यामुळे त्याची मुलं क्रिमिलेयर होत नाहीत. आयुष्यभर फायली वाहून शेवटची तीन वर्षं साहेब झालेल्याचं घर आणि पंचविशीत साहेब म्हणून लागलेल्याचं घर, दोन्हीकडे मुलं वेगळ्या वातावरणात वाढतात. नियमाने हा फरक ओळखला, आणि मला तो या आदेशातला सर्वात शहाणपणाचा भाग वाटतो.

आठ लाखांत काय काय धरतात? आमच्या आई-वडिलांचा पगारच बारा लाखांवर आहे.

हे विचारताना लोकांचा आवाज खाली येतो. गेल्या हंगामात पुरंदर तालुक्यातली एक मुलगी आली होती. आई-वडील दोघंही जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, रेशन कार्ड आणि दोघांचे फॉर्म सोळा, म्हणजे वर्षभराच्या पगाराचे आणि कापलेल्या कराचे दाखले. फॉर्म सोळावरच्या एकूण रकमेभोवती कुणीतरी लाल पेनने गोल केला होता. "तू क्रिमिलेयर झालीस, खुल्यातून भर," असं तिला कॉलेजमधल्या कुणीतरी सांगितलं होतं आणि ती अर्ज तसाच भरून मोकळी होणार होती.

ती क्रिमिलेयर नव्हती. उत्पन्नाच्या कसोटीत पगार आणि शेतीचं उत्पन्न मिळवायचं नाही, असं आदेशातच स्पष्ट लिहिलं आहे. सरकारी नोकरदाराच्या बाबतीत पगाराचा आकडा बघत नाहीत, पदाचा वर्ग बघतात. शिक्षक वर्ग तीनमध्ये येतात. भाडं, व्याज, धंदा अशा इतर मार्गांनी येणारं उत्पन्न तेवढं मोजायचं, आणि तेही सलग तीन वर्षं मर्यादेवर असेल तरच. एखाद्या वर्षी जास्त आलं म्हणून कुणी क्रिमिलेयर होत नाही.

नियम असा आहे. तो न्याय्य आहे का, हा प्रश्न वेगळा. दोन पगार येणारं शिक्षकांचं घर दाखल्याला पात्र ठरतं, आणि भवानी पेठेत छोटं दुकान चालवून नऊ लाखांचं विवरणपत्र प्रामाणिकपणे भरणारा बाहेर पडतो. महिन्याच्या एक तारखेला पगार जमा होणारं घर आणि लॉकडाऊनमध्ये शटर खाली ओढलेलं घर यांतलं जास्त सुरक्षित कोणतं, हे कुणालाही कळेल. पगार वगळण्यामागचं तर्कशास्त्र मला समजतं, पण त्याचा भार छोट्या व्यावसायिकावर पडतो हे मान्य करायलाच हवं.

वडील हिंजवडीत खासगी कंपनीत आहेत. त्यांना वर्ग एक, वर्ग दोन काही नाही. मग?

केंद्राने १४ ऑक्टोबर २००४ रोजी यावर खुलासा केला. ज्या नोकऱ्यांची सरकारी पदांशी तुलना ठरलेली नाही, तिथे पगार वेगळा आणि इतर मार्गांचं उत्पन्न वेगळं बघायचं. दोहोंपैकी एक जरी सलग तीन वर्षं मर्यादेवर असेल तर क्रिमिलेयर, पण दोन्हींची बेरीज करायची नाही. या खुलाशावरून बरेच उमेदवार न्यायालयात गेले आणि निरनिराळ्या ठिकाणी त्याचे निरनिराळे अर्थ लागले. तेव्हा आयटीत, बँकेत किंवा महामंडळात काम करणाऱ्या पालकांनी ऐकीव माहितीवर राहू नये. ज्या परीक्षेचा अर्ज भरताय, त्या वर्षीची तिची अधिसूचना वाचा आणि प्रांत कार्यालयात सध्याचे आदेश विचारा.

आठ लाखांची मर्यादा कधीपासून आहे?

२०१७ पासून. १९९३ साली ती एक लाख होती. २००४ मध्ये अडीच लाख, २००८ मध्ये साडेचार लाख, २०१३ मध्ये सहा लाख आणि २०१७ मध्ये आठ लाख झाली. दर तीन वर्षांनी किंवा गरजेप्रमाणे त्याआधीही फेरविचार करायचा असं मूळ आदेशात होतं. पहिला बदल व्हायलाच अकरा वर्षं गेली.

मी आता नोकरी करते. माझं उत्पन्न धरतील का? नवऱ्याचं?

दोन्ही नाही. नियम आई-वडिलांची स्थिती बघतो. लग्न झालेल्या मुलीचंही माहेरच बघतात, नवऱ्याचा पगार बघत नाहीत. तुम्ही उद्या थेट भरतीने उपजिल्हाधिकारी झालात तरी तुम्ही स्वतः त्यामुळे क्रिमिलेयर होत नाही. तुमची मुलं होतील.

दाखला मिळाला नाही म्हणजे मी ओबीसी राहिलो नाही का?

जात तीच राहते, जातीचा दाखलाही तोच. फक्त नोकरी आणि शिक्षणातल्या राखीव जागेवर हक्क सांगता येत नाही, अर्ज खुल्या जागेवर करायचा. महापालिका किंवा ग्रामपंचायतीच्या इतर मागास प्रवर्गाच्या जागेवर निवडणूक लढवायला तर नॉन-क्रिमिलेयर लागतच नाही. तिथे जातीचं प्रमाणपत्र आणि पडताळणी एवढंच मागतात.

अनुसूचित जाती-जमातींना क्रिमिलेयर लागू आहे का?

प्रवेश आणि नोकरभरतीत आज तरी नाही. १ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने अनुसूचित जातींमध्ये उपवर्गीकरण, म्हणजे आतल्या जातींचे वेगळे गट, करता येईल असा निकाल सहा विरुद्ध एक अशा बहुमताने दिला. त्यात मूळचे अमरावतीचे न्या. भूषण गवई यांच्यासह चार न्यायमूर्तींनी या प्रवर्गांतही क्रिमिलेयर ओळखायला हवं असं मत नोंदवलं. आठवडाभरात केंद्रीय मंत्रिमंडळाने, राज्यघटनेत अशी तरतूद नाही, असं सांगितलं.

माझं मत इथे स्पष्ट आहे. अस्पृश्यता पगार वाढल्याने पुसली जात नाही. कोथरूड-बाणेरमध्ये भाड्याचं घर बघताना फोनवर पहिला प्रश्न "आडनाव काय?" असाच येतो, आणि उत्तर ऐकल्यावर "फ्लॅट आत्ताच गेला" असं ऐकावं लागलेले चांगल्या पगाराचे इंजिनिअर मला भेटले आहेत. आठ लाखांच्या मोजपट्टीत हे कुठेच येत नाही.

महाराष्ट्रात नॉन-क्रिमिलेयर कुणाकुणाला लागतं?

इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग. २०२४ च्या कायद्याने मराठा समाजाला दिलेल्या १० टक्के एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आरक्षणातही ते लागतं. कुणबी दाखला काढून ओबीसीतून अर्ज करणाऱ्यांनाही लागतं. कुणबी नोंद सापडली की झालं, असं समजून मुलं थांबतात आणि शेवटच्या आठवड्यात धावपळ होते.

खुल्या प्रवर्गातल्या मुलींना महिला आरक्षणासाठी लागतं का?

पूर्वी लागायचं. राज्याने २०२३ मध्ये ती अट काढली. मागास प्रवर्गातल्या मुलींना, अनुसूचित जाती-जमाती सोडून, अजूनही लागतं.

ईडब्ल्यूएसची मर्यादाही आठ लाखच आहे. मग दोन्ही एकच झालं ना?

आकडा एक, मोजणी पूर्ण वेगळी.

आर्थिक दुर्बल घटकांचं १० टक्के आरक्षण २०१९ च्या १०३ व्या घटनादुरुस्तीने आलं. त्यात कुटुंबाचं सगळं उत्पन्न धरतात: पगार, शेती, धंदा, सगळं, आणि तेही मागच्या एका आर्थिक वर्षाचं. केंद्राच्या नियमात मालमत्तेचीही अट आहे. पाच एकर शेतजमीन किंवा हजार चौरस फुटांचा फ्लॅट असला की बाहेर. क्रिमिलेयरला तीन वर्षं, आणि पगार-शेती बेरजेतून बाजूला.

तरीही प्रश्न उरतोच. ओबीसीच्या बाबतीत आठ लाख ही "आता तुम्ही प्रगत झालात" असं सांगणारी रेषा आहे, आणि खुल्या प्रवर्गात त्याच आठ लाखांच्या आतले "दुर्बल" ठरतात. महिन्याला पासष्ट हजार मिळवणारं कुटुंब या देशात दुर्बल कसं, हे सर्वोच्च न्यायालयानेही २०२१ मध्ये केंद्राला विचारलं होतं. तीन सदस्यांची समिती बसली आणि आकडा तोच ठेवला गेला. ईडब्ल्यूएसची मोजणी कडक असल्याने तो चालेल, असं समितीचं म्हणणं. मला ते पटत नाही. पेठेतल्या घरकाम करणाऱ्या बाईचा मुलगा आणि साडेसात लाखांचं पॅकेज असलेल्या अधिकाऱ्याचा मुलगा एकाच रांगेत उभे राहिले, तर जागा कुणाला मिळणार हे वेगळं सांगायला नको.

वादात लोक "तू तर क्रिमिलेयर!" म्हणतात. श्रीमंत माणसाला असं म्हणणं बरोबर आहे का?

बोलण्यात रूढ झालंय, पण अर्थाने चूक आहे. हा शब्द फक्त मागास प्रवर्गातल्या पुढारलेल्यांसाठी आहे. प्रभात रोडवर तीन पिढ्यांचा बंगला असलेल्या खुल्या प्रवर्गातल्या कुटुंबाला कायदा क्रिमिलेयर म्हणत नाही. त्याला कसलाही शब्द लावत नाही. त्या घरातल्या मुलाला कधी कुठल्या खिडकीवर उभं राहून "मी प्रगत नाही" असं लिहून द्यावं लागत नाही, आणि आपल्याकडे काय काय आधीपासून होतं याचा हिशेबही कुणी मागत नाही: घरातली पुस्तकं, इंग्रजी बोलणारी आजी, ओळखीचे प्राध्यापक, क्लासची फी एकरकमी भरायची ऐपत. मागासवर्गातल्या मुलाने दोन पावलं पुढे टाकली की मात्र लगेच मोजपट्टी निघते. मोजपट्टीला माझा विरोध नाही, पण ती एकाच बाजूला का लावतात, हे विचारायला हवं.

हा प्रश्न पुण्याला नवा नाही. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी पुण्याहून दिलेल्या निवेदनात नेमकं हेच आहे. सरकारी महसूल शेतकऱ्याच्या घामातून जमा होतो आणि शिक्षणावर खर्च होताना तो वरच्या वर्गांच्या पदरात पडतो, हे त्यांनी सरकारला लिहून दिलं. नव्याने फायदा मागणाऱ्याचा नव्हे, तर ज्याला तो आधीपासून मिळत आला त्याचा हिशेब त्यांनी मांडला होता.

क्रिमिलेयर आणि उपवर्गीकरण यांत फरक काय?

क्रिमिलेयर कुटुंबाकडे बघतं, उपवर्गीकरण जातीकडे. ओबीसींमधल्या मोजक्या जातींकडेच बहुतेक जागा जातात ही तक्रार जुनी आहे. ती तपासायला २०१७ मध्ये न्या. जी. रोहिणी आयोग नेमला. केंद्राच्या नोकऱ्या आणि प्रवेश यांतला सुमारे ९७ टक्के वाटा साधारण २५ टक्के ओबीसी जातींकडे गेल्याचं त्याच्या विश्लेषणातून पुढे आलं. आयोगाचा अहवाल जुलै २०२३ मध्ये सादर झाला. एखाद्या जातीतून एकही मुलगा अजून पोचलाच नसेल, तर तिथली साय वेगळी काढून काय साधणार? महाराष्ट्राने भटक्या-विमुक्तांसाठी अ, ब, क, ड असे वेगळे गट फार आधी केले, ते याच कारणाने.

लोक खोटे दाखले काढतात, मग आम्हीच का प्रामाणिक राहायचं?

२०२४ मध्ये पुण्यात नेमणूक झालेल्या एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या कागदपत्रांवरून देशभर वाद झाला, तेव्हापासून हा प्रश्न वाढला आहे. घरची मोठी मालमत्ता आणि नॉन-क्रिमिलेयरचा दाखला एकत्र कसे, अशी विचारणा झाली. लोकसेवा आयोगाने ती उमेदवारी दुसऱ्या कारणांनी रद्द केली. पण त्या महिन्यांत अभ्यासिकेतली मुलं काय म्हणत होती, ते मी ऐकलं आहे. दहा बाय दहाच्या खोलीत चौघं राहणारी मुलं ती. एका चुकीच्या दाखल्याने अशाच एखाद्या मुलाची जागा जाते. उत्पन्न लपवून, मालमत्ता दुसऱ्याच्या नावावर करून काढलेला दाखला पडताळणीत सापडला, तर नोकरी लागून दहा वर्षं झाली तरी ती जाऊ शकते. कृपा करून तो रस्ता धरू नका.

फीसवलतीसाठी हाच दाखला चालतो का?

नाही, तिथे तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो आणि त्यात पगार धरतात. २०२४ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना शिक्षण शुल्कात पूर्ण सवलत आहे, त्यालाही कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत हवं. वर सांगितलेली पुरंदरची मुलगी नॉन-क्रिमिलेयर होती, पण या सवलतीत बसत नव्हती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

दाखला कुठे आणि कधी काढायचा?

आपले सरकार संकेतस्थळावर किंवा महा ई-सेवा केंद्रात. सोबत जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, रहिवासाचा पुरावा, तीन वर्षांच्या उत्पन्नाचा पुरावा आणि स्वयंघोषणापत्र ठेवा. जातीचा मूळ पुरावा दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर आधी तिथल्या कार्यालयात चौकशी करा.

दोन गोष्टींवर मुलं नेहमी अडकतात. पहिली मुदत: दाखल्यावर ३१ मार्चची तारीख असते. ती संपली की दाखला संपला, मग प्रवेशाच्या वेळी पावती दाखवत बसावं लागतं. दुसरा नमुना: राज्याचा नॉन-क्रिमिलेयर दाखला यूपीएससी, जेईई किंवा नीटच्या अखिल भारतीय कोट्याला चालत नाही. तिथे केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी-एनसीएल दाखला लागतो, आणि तुमची जात केंद्राच्या यादीत असावी लागते. आयआयटीच्या प्रवेशासाठी तो त्या वर्षीच्या १ एप्रिलला किंवा त्यानंतर काढलेला हवा. बारावीची परीक्षा संपली की लगेच अर्ज टाका. मे महिन्यात सर्व्हर आणि तलाठी, दोघांवरही ताण असतो.